लाइट गेल्यावरची हाक

फुलाबाई – ...तर तो टॉवेल काय थांबायलाच तयार न्हाय! विणणारा घरी जाऊन जेवून आला, तरी माग चालूच. टॉवेल शेडच्या दारातनं भायेर पडला नि अक्कलकोट रोडनं सरळ चालाय लागला. दुधनीच्या बाजारात एका म्हाताऱ्यानं त्याला तोंड पुसलं, आन् हितं सोलापुरात माझ्या हाताला वल लागली. खोटं सांगत न्हाय.

इलाहीबक्ष – बास, मावशी.

फुलाबाई – अरं, खरी गंमत तर फुडंच हाय की.

इलाहीबक्ष – बास म्हणलं ना. हसलं की हाताला कळ येते.

फुलाबाई – पर तू हसलास कुटं?

इलाहीबक्ष – नाही हसलो.

फुलाबाई – मग कळंचं नाव कशाला घेतोस? हास की जरा. चार दिवस झाले म्हणं, भिताडाकडं तोंड करून पडलायस. तुझी बायकू सुगराबी सांगत होती दारात. भाकरी न्हाय, चहा न्हाय.

इलाहीबक्ष – मावशी, तुम्ही टॉवेलची गोष्ट सांगायला रिक्षा करून आला नाहीत. मला कळतंय कशाला आला ते. दुपारी चन्नप्पा मुकादम पोलिसाला घेऊन येणार, माझा जबाब घ्यायला. त्याच्या आधी तुम्हाला तुमच्या लेकाला वाचवायचंय.

फुलाबाई – व्हय.

इलाहीबक्ष – हौ म्हणता सरळ?

फुलाबाई – मग काय वाकडं म्हणू? आई हाय मी त्याची. आन् तुझीबी हाय की थोडी. दोघं एका डब्यात जेवायचा. तुला माझ्या हातची शेंगाची चटणी लागायची, त्याला सुगराबीचा खिमा-पाव. आदलाबदल कोण करायचं? मीच की.

इलाहीबक्ष – डब्याचं नका काढू. कुठंय तो?

फुलाबाई – भायेर. सायकल धरून हुबा हाय.

इलाहीबक्ष – आत यायची लाज वाटते?

फुलाबाई – भ्या वाटतंय.

इलाहीबक्ष – भारत! ए भारत! ये आत, बघ तरी काय करून ठेवलंयस ते! ...बघितलं, मावशी? मान पण वळवली नाही. दार उघडं आहे, दहा पावलांवर उभा आहे. आणि तुम्ही म्हणता भ्या वाटतं. माज आहे माज.

फुलाबाई – माज न्हाय रं लेकरा. त्याला ऐकू येत न्हाय.

इलाहीबक्ष – काय?

फुलाबाई – भैरा झालाय तो.

इलाहीबक्ष – ही पण टॉवेलवाली गोष्ट का?

फुलाबाई – न्हाय. ही खरी.

इलाहीबक्ष – मावशी, तुमच्या शेडमधला उंदीर हातवारे करून बोलायचा. तुमच्या शेजाऱ्याच्या मागाच्या आवाजानं अकलूजमधल्या म्हशी दूध चोरायच्या. आणि आता, ज्या भारतशी मी सतरा-अठरा वर्षं शेजारच्या मागावरनं बोलतोय, रोज, अख्खी पाळीभर, तो बहिरा? माझ्या प्रत्येक बोलण्याला जवाब देतो तो!

फुलाबाई – शेडमधी कोण कुणाचं ऐकतंय, इलाही? तूच सांग. तितं तू कानानं बोलायचास व्हय?

इलाहीबक्ष – ...ओठानं.

फुलाबाई – ओठानं. आन् हातानं. तुमी कुणी तोंडाला फडकं बांधत न्हाय कापसाच्या धुळीत. डाक्तर म्हणतोय बांधा, बांधा. बांधलं तर बोलायचं कसं? म्हून सगळी छाती भरून घेता, पर तोंड उघडं ठिवता. तितं माझं पोरगं कसं भैरं दिसंल? तितं तर सगळीच भैरी. त्याचं उघडं पडतंय ते माग बंद पडल्यावर.

इलाहीबक्ष – माग बंद पडल्यावर...

फुलाबाई – त्या दिशी लाइट गेलती ना?

इलाहीबक्ष – तेच तर मी सांगतोय सगळ्यांना! लाइट गेली. सगळे माग गप. एवढं गप की पलीकडच्या शेडमधला रेडिओ ऐकू येत होता. माझ्या मागाचा पट्टा सरकला होता, म्हणून मी सुताच्या बीमच्या मागं खाली बसलो, हात आत घातला. आणि मोठ्यानं हाक मारली, ‘माझ्या मागाला हात लावू नका रे, मी खाली आहे.’ पार शेवटच्या मागावरच्या आसिफनं ऐकलं. मुतारीत गेलेल्या शिवशरणनं ऐकलं. तुमचा भारत माझ्या शेजारी! लाइट आली, आणि त्यानं माझा माग चालू करायचा दांडा ओढला. स्वतःचा नाही, माझा.

फुलाबाई – त्यानं ऐकलं न्हाय.

इलाहीबक्ष – आणि मी किंचाळलो तेव्हा? आसिफ सांगतो, तेव्हा भारत हसत होता. माझ्या मागाकडं बघून हसत उभा होता. चारजणांनी बघितलं. तुमच्या पोरानं हे का केलं ते सगळ्या एमआयडीसीला माहीत आहे. आमचा अबोला होता.

फुलाबाई – थांब. मी त्याला आत आणते. समोरासमोर हू दे.

इलाहीबक्ष – हाक मारा की इथनंच. ऐकू येत असेल तर येईल.

फुलाबाई – लेकराला हाक मारणं मी सोडलंय, इलाही. मी जाऊन पाठीवर हात ठिवते.

इलाहीबक्ष – ...काय बोलावं या बाईशी.

फुलाबाई – ये. वाकून ये, चौकट ठेंगणी हाय. बस हितं. उजेडाकडं इलाहीचं तोंड येतंय असा बस.

भारत – कसा हायस?

इलाहीबक्ष – ओरडू नको. घर आहे, शेड नाही.

भारत – लई दुखतंय?

इलाहीबक्ष – चार बोटं गेली, अंगठा राहिला. दुखायला आता आहेच काय? जे नाही तेच दुखतंय. रात्री तर्जनी खाजते. खाजवायला जातो, तिथं नुसती पट्टी.

भारत – मी दवाखान्यात आलतो. आसिफनं दारातनंच हाकललं.

इलाहीबक्ष – बरं केलं त्यानं. भारत, सरळ सांग. तू माझी हाक ऐकली होतीस की नाही?

भारत – ध्यान नव्हतं.

फुलाबाई – भारत, नीट सांग.

भारत – आई, तू गप बस. ध्यान नव्हतं माझं. त्याला काय करू?

इलाहीबक्ष – अख्ख्या शेडचं ध्यान होतं, तुझंच नव्हतं? पाप केलंस तू, भारत. वर जाऊन जवाब द्यावा लागंल.

भारत – ए! बापाला मधी आणायचं न्हाय! मला काय बोलायचं ते बोल, धुळा मेंढक्याचं नाव काढायचं काम न्हाय!

इलाहीबक्ष – बाप? बाप कुठं काढला मी?

भारत – आत्ता म्हणलास की. बाप केलंस म्हणं.

इलाहीबक्ष – पाप म्हणलो रे! पाप! बाप केलंस, याला काय अर्थ तरी होतो का?

भारत – ...तसंच ऐकू आलं मला.

फुलाबाई – ऐकू न्हाय आलं, तसं दिसलं. इलाही, आरशात बघ तुझं तोंड. पाप म्हण, बाप म्हण, माप म्हण. ओठ तिन्ही येळंला सारखेच मिटतेत. परवा मी म्हणलं, ‘माप घे पोरीच्या चपलेचं,’ तर हा माझ्यावर दिवसभर रुसला, ‘मी काय पाप केलं’ म्हणून. घरात रोज ही तऱ्हा. ह्याची पोरगी सोनाली हासती, आन् मग आत जाऊन रडती.

इलाहीबक्ष – भारत. माझ्याकडं बघ. मावशी म्हणतात ते खरं आहे का?

भारत – थोडं कमी येतंय. डाव्यानं कमी. उजव्यानं येतंय.

फुलाबाई – उजव्यानंबी—

भारत – आई! येतंय म्हणलं ना! माग चालल्याला कळतोय. गाडीचा हॉर्न कळतोय. माणसाचं बारीक बोलणं तेवढं सटकतंय. जरा मळ साचलाय, तेल घातलं की जाईल.

फुलाबाई – ह्याचा बाप ह्या टेकाडावर बसून त्या टेकाडावरल्या कोकराचा आवाज वळखायचा. नुसतं कोकरू म्हून न्हाय, कुठल्या मेंढीचं ते सांगायचा. ही गोष्ट मी वाढवून सांगत न्हाय. पाऊस न्हाय म्हून कळप इकला, हितं आलो. पहिल्या रातीला शेजारच्या मागाच्या आवाजानं मला झोप लागंना, मी कानात चिंध्या कोंबल्या. आता सुट्टीच्या दिशी माग बंद असले की मी टक्क जागी. आन् ह्याला परवा इजंचा कडाका कळला न्हाय. म्हणतोय, आई, कुणी बॅटरी मारली?

इलाहीबक्ष – मग कधी सांगितलं का नाहीस, भारत? मला तरी?

भारत – काय सांगू? भैऱ्याला माग कोण देतंय? तो शेवटच्या ओळीतला चन्नप्पाचा मेव्हणा, आठवतोय? त्याला कमी ऐकू येतंय कळलं, दुसऱ्या दिशी भायेर. आता स्टेशनापाशी हमाली करतोय. मालक म्हणला, मशीनवर भैरा माणूस म्हंजे जोखीम. कान खाल्लं कुणी? मशीननंच की. मला तीच एक कला येती, इलाही. मी विणतोय. मला दुसरं काय येत न्हाय.

इलाहीबक्ष – आणि माझ्या हातानं मला दुसरं काय येत होतं? बरं. कमी ऐकू येतं, मानलं. पण माझ्या मागाचा दांडा तू का ओढलास? तुझा सोडून? आपला अबोला होता ना?

भारत – म्हूनच वढला.

इलाहीबक्ष – म्हणजे?

भारत – लाइट आली की ज्याचा हात मोकळा, त्यानं शेजाऱ्याचाबी माग चालू करून द्यायचा, ही आपली रीत का न्हाय? अबोला धरल्यापासनं तू माझा चालू केला न्हाईस, मी तुझा न्हाय. त्या दिशी तू जागेवर दिसला न्हाईस. म्हणलं, गेला असंल पाणी प्यायला. म्हणलं, चालू करून ठिवतो. येईल, बघंल, त्याला कळंल. तोंडानं बोलायचं धाडस होईना मला. म्हून हसत हुबा होतो तुझ्या वाटंकडं बघत. तू दारातनं आत येशील, माझ्याकडं बघशील. मग पोरं पळत आली. मला वाटलं, ह्यांनाबी कळलं आपला समेट झाला म्हून.

फुलाबाई – अगं आई गं.

इलाहीबक्ष – तू... माझं किंचाळणं...

भारत – मी रगत बघितलं तवा कळलं.

इलाहीबक्ष – अल्ला.

फुलाबाई – पाणी पी, इलाही. हे घे.

इलाहीबक्ष – नको. मावशी, नको. मला एक सांग, भारत. एवढा समेटाचा कळवळा होता, तर अबोला सुरू कुणी केला? तूच ना?

भारत – मी? तुझ्या लेकीच्या, राहतच्या निकाहाला तू मला बोलावलं न्हाईस! माझ्या मांडीवर खेळलेली पोर. अख्खी शेड जेवून आली, दालच्याचा वास आठवडाभर कपड्यातनं जाईना त्यांच्या. मी घरी बसून होतो नवा शर्ट घालून. वाट बघत. मग काढून ठिवला.

इलाहीबक्ष – बोलावलं नाही? तुला बोलावलं नाही? सगळ्यात पहिला तुलाच सांगितलं होतं मी! पत्रिका छापायच्या आधी. चहाच्या टपरीवर, चौघांत. तू सायकल काढत होतास, पाठमोरा. मी मागनं ओरडून म्हणलो, ‘भारत, राहतचा निकाह ठरला, भाऊ म्हणून पहिल्या पंगतीला तू पाहिजेस.’ आणि तू टांग मारून निघून गेलास. मान वळवली नाहीस. चौघं हसले माझ्यावर. शिवशरण म्हणाला, बघ तुझा दोस्त, आवतणाला पाठ दाखवतो. त्या दिवसापासनं मी...

भारत – कधी म्हणलास?

इलाहीबक्ष – टपरीवर.

भारत – मागनं म्हणलास?

इलाहीबक्ष – मागनंच.

फुलाबाई – सुगराबी, चहा ठिव गं बाई. गोड कर जरा.

भारत – मला पहिल्या पंगतीला म्हणला व्हतास?

इलाहीबक्ष – भाऊ म्हणून.

भारत – मी आलो असतो की रं.

इलाहीबक्ष – आता रडू नको. मला पुसता येत नाही. तुझ्या बाजूचा हात तोच आहे.

फुलाबाई – इलाही, दुपार झाली. चन्नप्पा कवा येणार?

इलाहीबक्ष – येईलच. काय सांगून गेलाय माहीत आहे? म्हणाला, जबाबात एवढंच लिहायचं, भांडण होतं, भारतनं रागानं केलं. मग मालक दवाखान्याचं सगळं बघतील. आणि पट्ट्याला जाळी का नव्हती, ते कुणी विचारणार नाही. शेडचं नाव निघणार नाही, फक्त दोन माणसांचं भांडण. मी हौ म्हणलो होतो, मावशी. सकाळपर्यंत मी हौच म्हणत होतो.

फुलाबाई – आन् आता?

इलाहीबक्ष – आता काय? भांडण म्हणलं तर हा आत जातो. बहिरा म्हणलं तर हा सुटतो, पण सोलापुरात कुठल्या शेडमध्ये याला उभा करतील? सोनालीची फी, घरभाडं. आणि उद्या मालक म्हणेल, कान लपवले, म्हणजे गुन्हाच याचा. जाळीचं तरीपण कुणी काढणार नाही. मी बोललो तरी हा जातो, हा बोलला तरी हा जातो.

भारत – तू सांग भैरा हाय म्हून. सांग. मी हमाली करीन.

फुलाबाई – पाठ हाय का तुझी हमालीची? चढ आला की खोकतोस.

भारत – मग काय करू? माझ्यापायी ह्याचा हात गेला!

इलाहीबक्ष – ओरडू नको, भारत.

भारत – बरं, बरं. हळू बोलतो.

इलाहीबक्ष – हे तुझं हळू?

फुलाबाई – गल्लीत गाडी थांबली. पोलीसच हाय, आन् चन्नप्पा म्होरं. मी दारात जाते. मुकादमाला जरा धरून ठिवते. तुमी दोघं काय ठरवायचं ते ठरवा, पर चटशिरी... या, या मुकादम! या साहेब! चपला हितंच काढा. घाम किती आलाय! तुमाला एक सांगू का, आमच्या शेडमधी एकदा एक चादर विणली, ती इतकी गरम, इतकी गरम, की हिवाळ्यात तिच्यावर भाकरी भाजून निघायची. खोटं वाटतंय? बसा, सांगते...

इलाहीबक्ष – भारत. माझ्याकडं बघ. तोंडाकडं.

(यापुढं इलाहीबक्षचे नुसते ओठ हलतात. आवाज नाही.)

इलाहीबक्ष – मी सांगणार, की मी हाक मारलीच नव्हती. खाली बसलो, कुणाला सांगितलं नाही, चूक माझीच. आसिफला, शिवशरणला मी समजावतो. तुझ्या कानाचं कुणाला कळणार नाही.

भारत – आन् तुझा दवाखाना?

इलाहीबक्ष – बघू काहीतरी. हात तर गेलाच आहे. तू उद्या मागावर जा.

भारत – इलाही, हळू बोल की मर्दा. दारात चन्नप्पा हाय, ऐकंल.